सात पिलांची केबिन

१८ ऑक्टोबर १९५३, रविवार

सोसायटीने गेल्या दिवाळीत वाटलेली ही डायरी आजवर खुंटीवरच्या पिशवीत कोरीच होती. वर्ष संपत आलं तेव्हा तिची आठवण झाली, कारण आज लिहिण्याजोगं काही घडलं. बसऱ्याहून सुकदेवचं पत्र आलं.

सुकदेव म्हणजे शेवंताचा धाकटा भाऊ. भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होता. लढाईच्या दिवसांत त्याला बसऱ्याला रेल्वेच्या कामावर पाठवलं आणि तो तिकडेच रमला. त्याला आता अकरा वर्षं झाली. दोंडाईच्याला आई-वडील दोघंही राहिले नाहीत, तेव्हा शेवंताचं माहेर म्हणावं असं एवढंच उरलंय, आणि तेही समुद्रापलीकडे. पत्रात लिहितो की या भाऊबीजेला अक्काला घेऊन याच, बोटीची डेकची तिकिटं मी काढली आहेत, आणि येताना आपल्या बसराई केळीची पिलं आणा. इथे जिकडेतिकडे खजूर. आमच्याकडच्या केळीला तुमच्या गावाचं नाव आहे म्हणून सांगतो, तर लोक हसतात.

मी पत्र मोठ्याने वाचलं. शेवंताने चुलीपुढून ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग म्हणाली, म्हणजे आपली केळ माहेरी निघाली. मला हसू आलं. बसराई बसऱ्याची, हे या बाईच्या आधी कोणाच्या डोक्यात आलं नसेल.

२५ ऑक्टोबर

आज पिलं काढली. शेतकी खात्याचा माणूस त्यांना मुनवे म्हणतो, पण आमच्या तापीकाठी केळीच्या बुडाशी फुटतात ती पिलंच. मी पाच म्हणत होतो, शेवंताने सात घेतली. दीड-दीड हाताची, तलवारीसारख्या पानांची, बुडाला भरदार कंद. कंद साफ करून ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि सात टोपल्यांत बसवले. सात आहेत म्हणून तिने त्यांना वारांची नावं ठेवली. सोमा, मंगळी, बुधी, असं आदितवारापर्यंत. मी विचारलं, ओळखशील कशी? म्हणाली, ओळखू येतात.

शेजारी लताबाईच्या नातवाचं बारसं होतं. शेवंताला बोलावणं नव्हतं, ते कधीच नसतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि पदरी काही नाही, म्हणून पाळण्यापाशी हिची सावली नको असं बायकांचं म्हणणं. मी म्हटलं, बरं झालं, मळ्यात तेवढीच मदत झाली. पाळण्याची गाणी मळ्यापर्यंत ऐकू येत होती आणि ती पहारीने खणत होती.

३० ऑक्टोबर, बोटीवर

अक्षर वेडंवाकडं येतंय त्याला माझा इलाज नाही, खालची जमीनच हलतेय. निंभोऱ्याला गाडीत बसलो त्याला तीन दिवस झाले. सुकदेवच्या सांगण्यावरून उन्हाळ्यातच करून ठेवलेले पासपोर्ट, देवीची टोचणी, मुंबईच्या गोदीतले शिक्के, हे सगळं आठवायलाही नको.

डेक म्हणजे एक मोठी गच्ची, वर ताडपत्री. जो तो आपली घोंगडी पसरून जागा धरतो. आम्ही टोपल्या कठड्यापासून दूर ठेवल्या होत्या, तरी तासाभरात पिलांच्या पानांवरून बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट. बसऱ्यापर्यंत आठ-नऊ दिवस. या वाऱ्यात तीन दिवसांत पानं करपतील आणि मग कंदही जाईल. सुकदेवपुढे सात काड्या घेऊन उभं राहायचं की काय.

तेवढ्यात बोटीवरचा मोठा कारभारी आला. पांढरे कपडे, टोपीला सोनेरी दोरा, हातात यादी. बोटीवरचे चाकर सगळे त्याच्या हाताखाली, म्हणून त्याला चीफ म्हणतात. त्याचं हिंदी आणि माझं हिंदी सारखंच वाईट. किती जण, असं विचारलं. मी म्हटलं, हम दोन और सात पिलं. छोटे हैं क्या? मी हाताने दाखवलं, इतके इतके. वर म्हटलं, साहेब, ये हवा में नहीं बचेंगे. त्याने समुद्राकडे पाहिलं, मग शेवंताकडे. ती टोपल्यांना टेकून बसली होती, टोपल्यांवर लुगड्याचं पांघरूण होतं आणि त्यावर तिचा हात. चीफचा चेहरा एकदम मऊ झाला. म्हणाला की दुसऱ्या वर्गातली एक चार पलंगांची केबिन रिकामी जातेय, तिकडचे लोक आलेच नाहीत. तुम्ही तिथे चला, जादा काही द्यायचं नाही.

झाडांची एवढी कदर करणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती. गावी गेल्यावर सोसायटीत हे सांगणार आहे.

३१ ऑक्टोबर

सकाळी भ्रम फिटला.

आधी केबिनबद्दल लिहितो. लोखंडी भिंती, पण दुधासारखा पांढरा रंग. दोन खाली दोन वर असे पलंग, चादरी इतक्या ताणलेल्या की बसायला भीती वाटावी. नळ. हात पुसायला एक टॉवेल, पाय पुसायला दुसरा. भिंतीत एक गोल खिडकी, ताटाएवढी, जाड काचेची. तिच्यातून समुद्र दिसतो आणि उन्हाचा एक गोल आत येतो. बोट कलली की तो गोल भिंतीवरून हळूहळू वर चढतो आणि परत खाली येतो. पिलांना एवढं ऊन पुरे. खारा वारा बंद, आणि शिंपडायला नळाचं गोडं पाणी.

सात वाजता दारावर टकटक. आमच्या बाजूला जो चाकर नेमला आहे त्याला सगळे पीटर म्हणतात. चाळिशीचा, सावळा, केस बारीक कापलेले, बोलणं शहरी मराठी. त्याच्या हातातल्या तबकात चहाचे दोन कप आणि दुधाचे सात पेले. म्हणाला, चीफसाहेबांनी पाठवलंय, पोरांसाठी.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी खुलासा करायला तोंड उघडलं तोच शेवंता मध्ये आली.

“ठेवा तठेच,” ती म्हणाली. “निजेल शेतस.”

पीटर दारातच थांबला. तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, मग पलंगांकडे. वरचे दोन्ही पलंग रिकामे होते, टोपल्या खालच्या पलंगाआड. मला वाटलं, संपलं. पण तो मान खाली घालून म्हणाला, मग मी हळू बोलतो. आणि दार इतकं हलकेच लावलं की आवाज नाही.

मी शेवंताला खूप बोललो. उघडकीला आलं तर काय अब्रू राहील? ती दुधाच्या पेल्यांकडे पाहत बसली होती.

“मी काय खोटं बोलनू? पिलंच शेतस ना? आते तुमी बोलनात तर बठ्ठास्ले वर वारामा ठेवतीन.”

पिलं वाचवायची तर केबिन हवी आणि केबिन हवी तर गप्प बसायला हवं. दाराबाहेर पितळी चौकटीत एक कार्ड आहे. माझं इंग्रजी सातवीपुरतं, तरी अक्षर अक्षर लावून वाचलं. मिसेस शेवंताबाई अँड सेव्हन चिल्ड्रन. माझं नाव नाहीच. शेवंताने अर्थ विचारला, मी सांगितला. तिने कार्डावरून बोट फिरवलं, जसं मी काल पानांवरून फिरवलं होतं.

२ नोव्हेंबर

कराची मागे पडली. आता कुठेच काही नाही, नुसतं पाणी. इतकं मोकळं रान आणि त्यात एक बांध नाही, एक झाड नाही, याची नजरेला सवय होत नाही.

शेवंता चहाचे कप धुऊन ठेवते. पीटर म्हणाला, बाई, तुम्ही धुतलंत तर मी काय करू? तिने हात मागे घेतले, पण ते कुठे ठेवावेत ते तिला समजेना. शेवटी मांडीवर ठेवून बसली. आयुष्यात पहिल्यांदा हिचे हात मी असे रिकामे पाहिले.

दुधाचं काय करायचं हा प्रश्न तिनेच सोडवला. पेले तांब्यात ओतते आणि डेकवर जाऊन तिथल्या पोरांना वाटते. कोण कुठली पोरं, भाषा एकाची एकाला कळत नाही. दोनच दिवसांत तांब्या दिसला की धावत येतात. काल एक लहानगी हिच्या पदराला धरून केबिनपर्यंत आली होती, तिला परत पोचवावी लागली.

शेवंताने पीटरला घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला. ख्रिश्चन माणूस, खाईल की नाही अशी मला शंका. त्याने भाकरी तळहातावर घेतली, अंगठ्याने मोडली, ठेच्याला लावली आणि डोळे मिटून खाल्ली. बोटीवर राहून ही माणसं सगळ्या तऱ्हेचं खायला शिकतात. मग विचारलं, तापीला यंदा पाणी कितपत आहे? पाण्यावर राहणाऱ्याला नद्यांची चौकशी असणारच. मी सविस्तर सांगितलं.

३ नोव्हेंबर

रोज अकराला कॅप्टनसाहेब बोट पाहायला निघतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागे चार अधिकारी. दाराच्या पट्टीवर बोट फिरवून धूळ बघतात, पलंगाखाली वाकतात. आमच्या दारापर्यंत बुटांचा आवाज आला. आम्ही दोघं नुसते उभे, पलंगाआडून मंगळीचं पान बाहेर डोकावत होतं.

पीटर दारात आडवा उभा राहिला आणि इंग्रजीत काही बोलला. मला फक्त “स्लीप” एवढं कळलं. कॅप्टनसाहेबांनी ओठांवर बोट ठेवलं. मागच्या चौघांना खूण केली. आणि ते पाचही मोठे लोक चवड्यांवर चालत पुढे गेले.

पीटरचं भोळेपण आपल्याला किती उपयोगी पडतंय. एकदाही त्याने पोरं दाखवा म्हटलं नाही. झाडलोट करतो तेव्हा पलंगाखालचं तेवढं सोडतो. म्हणतो, तिथे पोरांचं सामान असतं, मी हात लावत नाही. अशा माणसाला फसवतोय याचं वाईट वाटतं.

४ नोव्हेंबर

काही घडलं नाही, तरी लिहितो.

दुपारी मला झोप लागत होती, येत होती, जात होती. उन्हाचा गोल भिंतीवर चढत-उतरत होता. शेवंता खिडकीपाशी बसली होती. तिने टोपल्या पुढे ओढल्या होत्या आणि एकेका पिलाला त्या गोलाखाली धरत होती. सोमाला थोडं, मंगळीला थोडं. मधूनच काही पुटपुटत होती. मला वाटलं की आपण मळ्यातच आहोत, पाटाला पाणी सुटलंय आणि ती दारे धरतेय. मग वाटलं, नाही, हे दुसरंच घर आहे, आपलंच, पण आपण कधी न पाहिलेलं. त्या घरात माणसं पुष्कळ आहेत आणि सगळी निजलेली आहेत.

जागा झालो तर ती माझ्याकडे पाहत होती. खिडकीबाहेर चिमणीएवढे मासे पाण्यातून उडत होते. तिने मला ते दाखवले. पंख असलेले मासे आहेत हे गावी कोणी खरं मानणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

५ नोव्हेंबर

बुधी गेली. सकाळी टोपलीतून आंबूस वास आला. गोणपाट सोडलं तर कंद आतून काळा, बोट लावलं तर पाणी सुटलं. काढतानाच कुठे पहार लागली असेल. नासका कंद बाकीच्यांजवळ ठेवून चालत नाही. शेवंता डेकवर दूध वाटायला गेली होती. मी खिडकीचं पितळी मळसूत्र सोडवलं आणि ते पिलू बाहेर टाकलं. पाण्यात पडल्याचा आवाजही आला नाही.

ती आली, टोपल्यांकडे पाहिलं आणि तिला कळलं. मी म्हणालो, सहा आहेत की अजून, सुकदेवला सहा खूप झाली. पीटरने जेवणाचं ताट आणलं तसं परत नेलं, रिकामी टोपली तिच्या पुढ्यातच होती. मला राग आला. एका कंदासाठी एवढं? मळ्यात दर साली पन्नास नासतात.

मग तिच्या शेजारी जाऊन बसलो. ती त्या रिकाम्या टोपलीतलं गोणपाट घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

६ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

एक गोष्ट मला उमगत नाही. आज सकाळी दुधाचे पेले सहाच आले.

मी कोणाशी बोललो नाही. शेवंता तर कालपासून कोणाशीच बोलली नाही. पीटरने तबक ठेवलं. रोज लगेच वळतो, आज हात पुढे बांधून क्षणभर उभा राहिला आणि मग गेला. मी पेले दोनदा मोजले. चीफने कुठे काटकसर लावली असेल, नाहीतर पीटरचाच एक पेला फुटला असेल.

शेवंताने कालपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, “समजनं व्हई त्याले.” काय समजलं असेल, ते मला समजलं नाही. पण तिने त्यानंतर चहा घेतला.

८ नोव्हेंबर, भाऊबीज

आज बसऱ्यात असायला हवं होतं. वाऱ्यामुळे बोट बहरीनपाशी दोन दिवस नांगर टाकून पडली आहे. किनारा दिसतो, पण पिवळ्या रेघेएवढाच. शेवंताने सकाळीच न्हाऊन नवं लुगडं नेसलं, कुंकवाची डबी आणि सुपारी काढली आणि बसून राहिली. मी म्हटलं, बसऱ्याला पोचल्यावर ओवाळ. म्हणाली की बीज आजच आहे.

पीटर चहा घेऊन आला तेव्हा तिने त्याला पलंगावर बसायला सांगितलं. तो बावरला. मी समजावलं की आमच्यात अशी रीत आहे, भाऊ दूर असला की दुसऱ्या कोणाला ओवाळतात, मग तो कुठल्याही धर्माचा असो. निरांजन लावायला काडी पेटवणार तोच त्याने तिचा हात धरला. बोटीवर आग चालत नाही. खिशातून विजेची बॅटरी काढली, पेटवली आणि ताटात आडवी ठेवली.

शेवंताने ती बॅटरी ओवाळली. केबिनच्या पांढऱ्या भिंतींवरून उजेड गोल गोल फिरत होता आणि खिडकीतल्या उन्हाचा गोल त्याच्यात मिसळत होता. मी बोलायच्या आधीच पीटरने खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला होता. ख्रिश्चन माणसाला हे कसं सुचलं कोण जाणे. नंतर खाली वाकून तिच्या पायांना हात लावला. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, ओवाळणी आत्ता जवळ नाही, उतरताना देईन.

मी म्हटलं, कशाला, इतकी सेवा करताय तेवढी पुरे. तो म्हणाला, ती कामाची, ही ओवाळणीची.

११ नोव्हेंबर, बसरा

हे घाईने लिहितोय, कारण लिहिलं नाही तर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

पहाटेपासून बोट नदीत शिरली होती. दोन्ही काठांना खजुरांची दाटी, पाणी तापीसारखं गढूळ. शेवंता म्हणाली, नदी पाहून बरं वाटलं. सहा पिलं हिरवीगार होती, शनीला तर नवं पान सुटलं होतं.

उतरताना शिडीच्या तोंडाशी चीफ यादी घेऊन उभा. त्याने आमच्याकडे पाहिलं, मागे पाहिलं, आणि पोरं कुठे असं विचारायला तोंड उघडलं. पीटर पुढे झाला. त्याने आमच्या टोपल्या दोन-दोन करून उचलून शिडीपाशी आणल्या होत्या. चीफच्या कानाशी तो काहीतरी बोलला. चीफने टोपल्यांकडे पाहिलं, बाहेर डोकावणाऱ्या पानांकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं. मला वाटलं की आता सगळ्यांसमोर शोभा होणार. चीफने यादीवर एक खूण केली आणि टोपी काढून तिला वाट दिली.

खाली धक्क्यावर पीटरने टोपल्या ओळीने ठेवल्या. मग वाकून एकेका पिलाच्या शेंड्यावर हात ठेवत मोजलं, शाळेत मास्तर पोरांना मोजतात तसं. एक, दोन, तीन. सहावर थांबला. सातव्या रिकाम्या टोपलीवरही त्याने हात ठेवला. आणि वर पाहून म्हणाला,

“बठ्ठा उतरनात ना, अक्का?”

बारा दिवस शहरी मराठी बोलणारा माणूस, आणि आता चक्क शेवंताच्या माहेरची अहिराणी.

शेवंताला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “उतरनात, भाऊ,” ती म्हणाली.

“मन्हं नाव पितांबर. नरडाणाना शे मी. साहेबलोकस्ले बोलता येत नही, म्हनून पीटर.”

नरडाण्याचा माणूस. दोंडाईच्यापासून दोन-तीन स्टेशनं. तापीच्या आसपास वाढलेल्या कुठल्याही माणसाला केळीचं पिलू म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. म्हणजे पहिल्याच सकाळी, शेवंता “निजेल शेतस” म्हणाली तेव्हाच, त्याला सगळं कळलं होतं. सात पेले आणणारा तोच, सहा आणणारा तोच, कॅप्टनला चवड्यांवर चालायला लावणाराही तोच. मी समजत होतो की आम्ही त्याला फसवतोय. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून ओवाळणी काढली. दारावरचं कार्ड होतं. शेवंताच्या हातात देऊन म्हणाला की आकडा बदलायचा हुकूम मला कोणी दिला नाही, सातच आहे. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पदराखाली धरलं.

मग सुकदेव गर्दीतून हाका मारत आला.

१६ जानेवारी १९५४, गावी

जुन्याच डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहितो आहे. परतीचा प्रवास डेकवरून झाला, बोट दुसरी, माणसं दुसरी. लोकांना खजूर वाटले, उडणाऱ्या माशांचं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे कोणी खरं मानलं नाही. सुकदेवने कळवलंय की सहाही पिलं लागली आहेत.

शेवंताने कार्ड ट्रंकेत ठेवलं होतं, तळाशी, लग्नातल्या लुगड्याच्या घडीत. अधूनमधून ट्रंक उघडल्याचा आवाज यायचा. परवा रावेरला गेलो तेव्हा तांबटाकडून एक पितळी चौकट करून आणली, मापाची. तिला म्हटलं, दे ते इकडे. तिने माझ्याकडे पाहिलं. मग काढून दिलं. मी ते बाहेरच्या दाराला, सगळ्यांना दिसेल असं ठोकलं.

गावात इंग्रजी वाचणारं तसं कोणी नाही. लताबाईने विचारलं की मुंबईचा पत्ता का काय? मी नुसतं हं म्हटलं.

आज कौतिक गुरुजी आले. ते वर्तमानपत्र वाचायला येतात. दारातच थबकले, चष्मा वर केला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं. लताबाईच्या ओसरीवर बायका वाती वळत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. गुरुजींनी त्याचा मराठीत अर्थ लावला आणि गोंधळून माझ्याकडे पाहिलं.

“जीवरामभाऊ, सात मुलं? तुमची? कुठे आहेत?”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

मी म्हणालो, “सहा मामाकडे हायेत, गुरुजी. एक समुद्रात गेलं.”